कुशीवरची निळी खूण

सातारा, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सूरज यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोनदा फोन केला आणि दोन्हीदा “तायडे, भीती घालू नको” म्हणून तू ठेवून दिलास. हे पत्र मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

आबांच्या डाव्या किडनीत गाठ आहे, उजवी धडधाकट आहे. बारा तारखेला डावी काढणार. चुकून उजवी निघाली तर आबा गेले, इतकं हे सरळ आहे. असं कुठं घडतं का, म्हणून तू हसलास. घडतं रे बाबा. सहा वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे मी, उगाच नाही सांगत. चांगल्या डॉक्टरांच्याही हातून घडतं.

आदल्या दिवशी डॉक्टर आबांच्या डाव्या कुशीवर निळ्या पेनानं खूण करतील. ती पुसू देऊ नकोस. कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. थिएटरच्या दारात नाव आणि बाजू विचारतात, ती आबांनी स्वतःच्या तोंडानं सांगायची. आणि तू लाजू नकोस. हॉटेलात भाजीत मीठ कमी पडलं तरी वेटरला सांगत नाहीस तू, मला ठाऊक आहे.

आईला म्हणावं, वेळेवर जेव. लोभ आहेच, या वेळी जरा ऐकण्याचाही असू दे.

तुझी तायडी,
उत्कर्षा

विश्रामबाग, सांगली, १३ फेब्रुवारी

ती. तायडीस स. न. वि. वि.

ऑपरेशन झालं नाही. का झालं नाही ते लिहितो, पण वाचून मला शिव्या घालू नकोस. मी स्वतःलाच लय घातल्यात.

मंगळवारी डॉक्टरांनी खूण केली. आबांनी ती बघितली आणि ते दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, बाजारात व्यापारी निवडलेल्या बकऱ्याच्या पाठीवर निळा पट्टा ओढतो आणि पट्टा पडलेलं जनावर परत कळपात येत नाही, हे त्यांच्या डोक्यात. बुधवारी पहाटे आंघोळीला गेले आणि काथ्यानं घासून घासून खूण काढून टाकली. कातडी सोलली, पण कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

थिएटरच्या दारात संयोगिता नावाच्या सिस्टरनी ट्रॉली अडवली. खूण नाही, पेशंट बोलत नाही, आत घेणार नाही म्हणाल्या. वॉर्डातल्या माणसानं कागद दाखवला, कागदावर उजवी लिहिलेलं. त्या तरीही हलेनात. तायडे, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का, असं सगळ्यांसमोर बोललो. मग डॉक्टर आले, त्यांनी किडनीचे फोटो बघितले आणि ते खुर्चीवर बसले. गाठ डावीकडंच होती. कागद चुकला होता, आणि त्या कागदाखाली सही माझी होती. वाचून बघा म्हणाले होते मला. मी कॉट मिळायच्या घाईत नुसती मान हलवली.

संयोगिता सिस्टरांचे पाय धरले, त्यांनी मला उठवलं. आबा मात्र आता घरी चला एवढंच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सोललेली कातडी भरू दे, चोवीस तारखेला करू, त्याच्या पुढं थांबलं तर गाठ पसरेल. माझं ते ऐकत नाहीत. तूच काहीतरी कर गं.

राग धरलास तरी चालेल, हात सोडू नकोस.

तुझा,
सूरज

सातारा, १५ फेब्रुवारी

ती. आबांस सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसते हं हं करता, म्हणून लिहिते.

आबा, ती व्यापाऱ्याची खूण नव्हती. लोकर कातरल्यावर आपण मेंढराच्या खांद्यावर गेरूचं बोट ओढतो, दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं ओळखू यावं म्हणून, तशी ती होती. ती पुसली आणि तुम्ही हरवता हरवता राहिलात.

मला एवढी धास्ती का, तेही सांगते. हे आईलाही ठाऊक नाही. नोव्हेंबरात राहीबाई नावाच्या बाईंचं पोटाचं ऑपरेशन होतं. रक्त टिपायला पोटात कापडाचे तुकडे घालतात, टाके घालण्याआधी ते मोजायचं काम माझं. एक कमी भरला. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नीट मोज, कुठंतरी कचऱ्यात असेल, आणि त्यांनी टाके घातले. मी मूग गिळून बसले. कागदावर बरोबर असं लिहिलं. त्या बाई दोनदा ताप आणि पोटदुखी घेऊन परत आल्या, दोन्हीदा गोळ्या देऊन पाठवलं. त्या कापडात एक्स-रेत दिसणारा धागा असतो, एक एक्स-रे काढला तर कळेल, पण माझं तोंड उघडत नाही. नोकरी जाईल, नाव जाईल.

संयोगिता बोलली म्हणून तुम्ही आहात. तिच्या जागी मी असते तर? या एका विचारानं जीव जातो माझा. माझ्यासाठी तरी ऑपरेशन करून घ्या. पदरी घ्या किंवा चार शब्द सुनवा, पण गप्प राहू नका.

तुमची,
उत्कर्षा

सांगली, १८ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आबाचा, बिराप्पाचा आशीर्वाद.

सूरज लिवतोय, मी सांगतोय. एक शबूद बदलायचा न्हाई असं मी त्याला बजावलंय.

पोरी, दिवेलागणीला मेंढरं मोजताना एक कमी भरलं तर आपण कोंडायच्या वाडग्याचं दार लावतो व्हय? तुजी आय तव्यावरची भाकरी तशीच टाकून माळाला पळती. मोजायला मीच शिकवलं तुला, चार वर्साची हुतीस तवा. आन तू एक कमी असताना दार लावलंस. लय वंगाळ केलंस. मला पैल्यांदा तुजी लाज वाटली. मग रडू आलं.

आता ऐक. ती बाई कुणाची तरी आय हाय. तिच्या घरी जा, समद्यांसमोर सांग. तिच्या पोटाचा त्यो फोटू निघाल्याचं तुज्या हातचं लिवून येईस्तवर मी टेबलावर चढणार न्हाई. डाक्टर म्हणतोय सोमवार. तुज्याकडं बी तेवढाच टाइम हाय. नोकरी गेली तर ये घरला, शंभर मेंढरं हायत, मोजायला माणूस लागतंयच.

माया कमी झाली न्हाई, म्हणून तर बोललो.

बिराप्पा

सातारा, २१ फेब्रुवारी

ती. आबांस सा. न. वि. वि.

हे पत्र सांगलीच्या एसटीत कंडक्टरकडं देते, सूरजला फोन केलाय, तो स्टँडवर घ्यायला येईल.

काल राहीबाईंच्या घरी गेले. त्या खाटेवर पोटाशी उशी धरून पडल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांच्या मालकांनी हातातला तांब्या माझ्या अंगावर फेकला. राहीबाईंनी त्यांना आवरलं आणि मला विचारलं, मला वेड लागलेलं नाही ना? घरचे तसं म्हणायला लागले होते.

मी सोबत गेले. एक्स-रे निघाला, आत तो तुकडा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या दवाखान्यात उद्या सकाळी काढणार आहेत. वाचतील असं तिथले डॉक्टर म्हणतात, खात्री देत नाहीत. आमच्या दवाखान्यात मी सगळं लिहून दिलं. मला घरी बसायला सांगितलंय, पुढं चौकशी आहे. राहीबाईंनी मला माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

मेंढरू सापडलं, आबा. तुम्ही सांगितलंत ते मी केलं, आता माझं ऐका. खूण करतील ती राहू द्या. रविवारी मी येतेच आहे, पण थिएटरच्या दाराच्या आत मला सोडणार नाहीत. तिथं संयोगिता विचारील. माझ्यासारखं गप्प राहू नका. मोठ्यानं सांगा, डावी.

तुमची,
उत्कर्षा