गोधडी पोटरीपर्यंतच का येते

प्रिय लांब्यास,

ताईचे भरभरून आशीर्वाद. (तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा तर मला स्टुलावर चढावं लागतं आणि स्टुलाचा एक पाय हल्ली डुगडुगतो, म्हणून आशीर्वाद कागदावरूनच घे.) तुझ्या गुडघ्यांची कुरकुर कमी झाली का? वहिनीचा खोकला गेला का? नसेल गेला तर तिला म्हणावं, खिडकीखाली झोपू नकोस. ऐकत नसेल तर जागा बदला आणि तू तिथे झोप, नाहीतरी तुझा थोडाफार भाग खोलीबाहेरच असतो. आम्ही दोघं ठणठणीत. तुझे भाऊजी अधूनमधून चिडलेले असतात, पण ती त्यांची प्रकृती आहे, दुखणं नव्हे.

तर तुझा निरोप मोबाइलवर पोचला. मी बोटांची चाळण करून घेऊन गोधडी शिवली, कुरिअरवाल्याशी हुज्जत घालून पाठवली, आणि तुझं उत्तर काय, तर मिळाली, छान आहे, पाय उघडे राहतात. संपलं! अरे, दोन वर्षं झाली तू या घराच्या दारातून आत आला नाहीस (आत येताना वाकावं लागतं हे कबूल). फोन केला की येतो गं, बघतो गं, आणि आता हे पाय. आधी मला राग आला, मग हसू आलं, मग ठरवलं की पाय उघडे का राहिले ते तुला सविस्तर कळवावं, म्हणजे वहिनीपुढे तरी तू माझी बाजू घेशील. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायचं तर अंगठा गळून पडेल, म्हणून हे पत्र.

सगळं सुरू झालं आमच्या लाँड्रीतल्या वरच्या फळीपासून. तुला ठाऊक आहे, लोक तावातावाने कपडे टाकतात, उद्या सकाळीच पाहिजेत म्हणून डोकं खातात आणि नंतर तोंड दाखवत नाहीत. असले कपडे भाऊजी वरच्या फळीवर ठेवतात. वर्षभरात कोणी न्यायला आलं नाही तर कपडा दुकानाचा, अशी पाटीच लावली आहे त्यांनी. तर ती फळी एका दुपारी सगळ्या कपड्यांसकट खाली आली. इस्त्रीचं टेबल वाचलं, भाऊजी थोडक्यात वाचले. गाठोड्यातून डोकं बाहेर काढून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, की हे सगळं आजच्या आज फेकून दे. मला काही फेकवेना रे. कोणी हौसेनं शिवून घेतलेला फुलाफुलांचा फ्रॉक, कोणाचा एकदाच घातलेला कोट, आणि एक चौकड्याची पँट तर इतकी झोकदार की ती घालून माणूस कुठे गेला असेल याचा मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी टीव्हीखालचं शिलाई मशीन काढलं (टीव्ही आता खोक्यावर आहे, बातम्या सांगणारी बाई जरा उताराला लागलेली दिसते) आणि बसले.

गोधडी शिवायला मला कोणी शिकवलेलं नाही. नकाशा नाही, नमुना नाही. एक तुकडा उचलायचा, शेजारी दुसरा ठेवून बघायचा, दोघं भांडले नाहीत की जोडून टाकायचे. खिसे उसवायचा मला कंटाळा, म्हणून खिसे तसेच. (त्यात चष्मा राहतो. लोकांना ही सोय आवडली आहे.) पहिली गोधडी झाली तिला पाच कोपरे निघाले. कुठून आला पाचवा, देव जाणे. ती थोरल्या नणंदबाईंना दिली. त्यांनी ती पलंगावर पसरून भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, डोक्याची बाजू कुठली? मी म्हटलं, जिकडे डोकं ठेवाल ती. सध्या ती त्यांच्या वॉशिंग मशीनवर असते आणि पाचवा कोपरा येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगाला लागतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे मापाचं. घरातली टेप सापडेना. मग मी अक्कल चालवली. गोधडी माणसासाठी, तर माप माणसाचंच घ्यावं! तुझ्या भाऊजींना अस्तरावर आडवं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत भोवतीनं खडू फिरवला. ते आधी कुरकुरले, पण दुपारचं जेवण झालेलं, फरशी गार; लागला डोळा. मी कात्री आणायला आत गेले. तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर शर्ट न्यायला आले, दुकानात कोणी नाही म्हणून मागे घरात डोकावले, तर जमिनीवर माणूस, डोळे मिटलेले, भोवती खडूची रेघ! डॉक्टर जागच्या जागी मटकन बसले. मग हिंमत करून त्यांनी नाडी बघितली. भाऊजी दचकून उठले आणि त्यांच्यावरच ओरडले. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडेपर्यंत मला चहा दोनदा करावा लागला. भरपाई म्हणून पहिली नीट चौकोनी गोधडी मी डॉक्टरांनाच दिली. तर सांगायचं हे, की नणंदबाई असोत की डॉक्टर, माझी प्रत्येक गोधडी तुझ्या भाऊजींच्या मापाची आहे, आणि त्यांची उंची तुला माहीत आहे. (लग्नाच्या फोटोत ते पायरीवर उभे आहेत. हे त्यांच्यासमोर बोलू नकोस.) तुझ्या वेळी मी त्यांना हात डोक्याच्या वर ताणून झोपवलं होतं. तरी तू पुरून उरलास.

डॉक्टरांची गोधडी पुढे फार गाजली. त्यांनी ती दवाखान्यात, पेशंटच्या पायांवर घालायला ठेवली. एक दिवस खुर्चीत एक गृहस्थ बसले, तोंडात कापूस, जबडा बधिर, पायांवर गोधडी. त्यांची नजर खाली गेली आणि गोधडीत त्यांना स्वतःची चौकड्याची पँट दिसली, खिशासकट! ते बोटानं पँट दाखवून घशातून आवाज काढायला लागले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. तिथून ते तसेच, लोंबत्या ओठानं, आमच्या दुकानात. काय बोलताहेत कळेना. हातवारे करून त्यांनी पँटचा आकार काढला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजी पाटीकडे बोट दाखवून मोकळे. मला मात्र वाईट वाटलं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं (ते सगळं शर्टावर सांडलं) आणि उरलेला पाय, म्हणजे पँटचा, काढून दाखवला. त्यांनी तो कमरेला लावून बघितला, स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि एकदम हसायला लागले, वाकड्याच तोंडानं. आता त्या उरलेल्या पायाची गोधडी त्यांना हवी आहे, दोन खिशांची.

तेव्हापासून भाऊजींचा हुकूम आहे, की कात्री लावण्याआधी कपड्यावरची नावाची चिठ्ठी वाचायची. म्हणून परवा मी उरलेली सगळी फळी चिठ्ठ्या वाचत उपसली. त्याबद्दल नंतर लिहिते.

आता तुझ्या पायांचं. नुसती खाली पट्टी जोडून भागणार नाही, गोधडीला परकर घातल्यासारखं दिसेल. नवीच करते. पण इथे तुझ्या उंचीचं दुसरं माणूस नाही. विजेच्या खांबाला आडवं करता येत नाही. तेव्हा तूच ये. एका रविवारी ये, जेव, फरशीवर आडवा हो, मी खडू फिरवते. झोप लागली तर झोप, डॉक्टरांना आधी कळवून ठेवीन. वहिनीलाही आण, तिचंही माप राहिलंय. खरं सांगू? तुझी फार आठवण येते रे. गल्लीत कोणी मान वाकवून चालताना दिसलं की मी हातातलं टाकून दाराशी जाते, आणि तो भलताच कोणीतरी निघतो.

भाऊजींचा नमस्कार. (त्यांनी सांगितलेला नाही, पण सांगितला असता.)

तुझी,
ताई

ता. क. : टेप सापडली. मशीनच्याच खणात होती. मी ती परत आत टाकून खण लावून घेतला आहे. भाऊजींना माहीत नाही, तूही बोलू नकोस. माप फरशीवरच घ्यायचं आहे.

आणखी एक ता. क. : फळी उपसताना तळाशी तुझा आकाशी शर्ट निघाला. मागच्या खेपेला इस्त्रीला टाकून, संध्याकाळी नेतो म्हणून गेलास, तो. भाऊजी म्हणाले, वर्षाची मुदत कधीच संपली, नियम तो नियम, लाव कात्री. मी म्हटलं, मालक यायचाय. मग तेच उठले, शर्ट पाण्यातून काढला, इस्त्री केली आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या रांगेत पहिल्या हुकाला टांगला. रोज सकाळी त्यावरची धूळ झटकतात.

शेवटचा ता. क. : पण फार उशीर करू नकोस. चौकड्याच्या पँटवाल्यांच्या गोधडीला नेमका आकाशी तुकडा कमी पडतोय, आणि कालच मी कात्रीला धार लावून आणली आहे.