चार सोनेरी आठवडे

१२ जानेवारी, रविवार
साडू आणि मेहुणी जेवायला येऊन गेले. साडूचं नळांचं आणि टाइल्सचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलायला लागला की वायसर गेलेल्या नळासारखा गळत राहतो. आजचा विषय टाइमशेअर. म्हणजे असं की याने एका रिसॉर्ट कंपनीकडून दरवर्षीचा एक आठवडा विकत घेतलाय. पुढच्या पंचवीस वर्षांचा. मी विचारलं, खोली नावावर होते का? म्हणाला, खोली नाही, आठवडा होतो. आठवडा विकत घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उद्या एखादा मंगळवार घेऊन येईल.

ही मात्र त्याच्याशी तळ्याकाठच्या खोल्यांबद्दल अशी बोलत होती, जशी काही स्वतः राहून आलीय. बायकांना ऐकीव गोष्टी फार लवकर डोळ्यांसमोर दिसतात.

१८ जानेवारी
त्याच कंपनीचा फोन. साडूने आमचा नंबर दिलाय. पुढच्या शनिवारी हॉटेलात जोडप्यांसाठी फुकट जेवण, वर भेटवस्तू, आणि मध्ये 'छोटीशी माहिती'. ही जाऊ नका म्हणाली. मी जाणार. जेवायचं, भेट घ्यायची, घरी यायचं. गेली कित्येक वर्षं कंपनीचा परचेस सांभाळतोय, पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत. माझ्या केबिनमधून विक्रेते रुमालाने मान पुसत बाहेर पडतात. मला काही विकू शकेल असा माणूस अजून जन्मायचाय.

२५ जानेवारी, शनिवार
गेलो. गोल टेबलं, फुगे, आणि कोणी काही विकत घेतलं की टाळ्या. टाळ्या वाजवणारेही त्यांचेच पगारी. आमच्या वाट्याला निळ्या टायचा एक इसम. सूप यायच्या आत त्याने विचारलं, तुम्ही दोघं वर्षातून किती दिवस बाहेरगावी जाता? हिने तोंड उघडलं. विक्रेत्याशी बोलायचं तंत्र हिला नाही, म्हणून मी मध्येच उत्तर दिलं की मनात आणलं तर कितीही.

ही चूक नव्हती. तो खुलला एवढंच.

मग मी त्याला धरला. एकेक कलम सोलून काढलं. त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने त्याच्या मॅनेजरला. तिघं मिळून माझ्यापुढे हात टेकत होते. शेवटी स्वतःहून म्हणाले की तुमच्यासारख्या माणसाला एक आठवडा विकणं हा तुमचा अपमान होईल. समज आहे लोकांना. मी सही केली नाही. विचार करून सांगतो म्हटलं.

भेटवस्तू: काचेच्या सहा वाट्या. एक जिन्यातच फुटली.

२७ जानेवारी
प्रश्न घ्यायचं की नाही हा राहिलेलाच नाही. तो बाळबोध प्रश्न आहे. किती घ्यायचं हा खरा प्रश्न. साडूकडे एक आठवडा आहे, तोही 'रुपेरी' हंगामातला, म्हणजे लोक जेव्हा फारसे जात नाहीत तेव्हाचा. तेव्हा एक आठवडा बाद. रुपेरी बाद.

हिचं मत विचारलं. हिच्याशी सल्लामसलत केली नाही असं व्हायला नको. म्हणाली, घ्यायचाच असेल तर एक रुपेरी पुरे, आणि तोही आधी एक वर्ष भाड्याने राहून बघू. वर म्हणाली, "अहो, आठवडे मोजण्याआधी स्वतःची रजा मोजा."

ही फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवते. एकेक अंश मोजून पुढे जायची सवय. अशा माणसाला पंचवीस वर्षांचं कसं दिसणार?

रजेचं म्हणाल तर मी ती घेतच नाही. माझ्याशिवाय परचेस अर्धा दिवससुद्धा चालणार नाही. पण न घेतलेली रजा हे एक नैतिक भांडवल असतं. ते कुठेतरी गुंतवायला हवं.

३० जानेवारी
हिशेब झाला. एक आठवडा आम्हाला विश्रांतीसाठी. एक आम्हाला फिरण्यासाठी, कारण विश्रांती आणि फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पाहुण्यांना द्यायला. एक राखीव. माझ्या खात्यात कुठलाही माल राखीव साठ्याशिवाय मागवत नाहीत. एकूण चार. सोनेरी. दोन बेडरूमचं युनिट.

हिला समजावून सांगितलं. ही वाट्या पुसत होती. पाचच्या पाच पुसून झाल्यावर म्हणाली, पाहुणे कोण? मी म्हटलं, ज्याच्याकडे आठवडे असतात त्याला पाहुणे मिळतातच.

१ फेब्रुवारी
सह्या झाल्या. जोडप्याच्या नावाने असल्यामुळे हिचीही लागली. हिने पेन हातात घेऊन बराच वेळ ठेवलं. टायवाला पाणी आणू का म्हणाला. ही त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलली.

"सही हवीय म्हणून करतेय. नंतर कोणाला सांगताना मला विचारून घेतलं असं सांगू नका."

करारावर सही करताना भावनेच्या भरात बोलू नये हे साधं पथ्य. पण टाळ्या चांगल्या झाल्या. पगारी असल्या तरी.

संध्याकाळी साडूला फोन करून सहज कळवलं. आकडा त्याने पुन्हा वदवून घेतला. मत्सराने कान बंद होतात. मग म्हणाला, चार? वार्षिक देखभाल दर आठवड्यामागे वेगळी पडते, आणि आपण जा नाहीतर न जा, भरावीच लागते, माहीत आहे ना? मी म्हटलं, नळवाल्यांनी मला करार शिकवू नयेत. म्हणजे मनात म्हटलं. फोनवर 'हो, हो' म्हटलं.

मग करार वाचला. आहे तसं. पानाच्या मागच्या बाजूला.

२० फेब्रुवारी
उन्हाळ्याचं बुकिंग करायला फोन केला. गाणं. मग एक बाई. मग पुन्हा गाणं. उन्हाळा भरलाय. लोक वर्षभर आधी नोंदवतात म्हणे. मी म्हटलं, मी सोनेरी आहे. बाई म्हणाल्या, सर, सगळेच सोनेरी आहेत. टायवाल्याला लावून द्या म्हटलं तर तो ही कंपनी सोडून वॉटर फिल्टरच्या कंपनीत गेलाय. उंदरं बुडत्या जहाजातून पळतात ते हेच. पण हे जहाज बुडतंय असं मला म्हणायचं नाही.

५ मार्च
तोडगा निघाला. काढला म्हणजे मीच. चारही आठवडे सलग, नोव्हेंबरमध्ये. नाहीतर या वर्षीचे वाया. नोव्हेंबरमध्ये तिथे धुकं असतं आणि गर्दी अजिबात नसते. गर्दीत जाऊन विश्रांती घेणारे लोक मला कधीच कळले नाहीत.

पाहुणे: चुलतभावाच्या मुलाची परीक्षा, आमच्या फॅमिली डॉक्टरांना क्लिनिक, शेजाऱ्यांना धुक्याचा त्रास. लोकांना फुकट दिलेलं पचत नाही.

११ ऑगस्ट
रजेचा अर्ज दिला. आता खरी लढाई होती. साहेब हातापाया पडतील, एक आठवडा कमी करा म्हणतील, या तयारीने गेलो होतो. माझ्या गैरहजेरीत खातं कसं चालवावं याची तीन पानी टिपणी सोबत. साहेबांनी पहिलं पान उलटण्याआधीच सही केली. म्हणाले, घ्या हो, अजून हवी असेल तर अजून घ्या.

धक्क्यात माणूस अशा सह्या करतो. रात्री त्यांना झोप लागली नसेल.

माझी असिस्टंट टेबल सांभाळणार. चष्मेवाली, अबोल मुलगी. विक्रेत्यांना चहा विचारते. मी कधी विचारला नाही. पहिल्याच आठवड्यात रडत फोन करेल.

१३ ऑगस्ट
आज हिला म्हटलं, तुझाही चार आठवड्यांचा अर्ज टाक. म्हणाली, माझी रजा जून महिन्यात संपली. मी म्हटलं, जूनमध्ये तर तू बहिणीकडे जातेस. बहिणीकडे नाही, बहिणीबरोबर, म्हणाली.

मग कळलं ते असं. साडूच्या त्या रुपेरी आठवड्यात खोलीत चार खाटा असतात. साडू, मेहुणी, त्यांची मुलगी आणि चौथी ही. गेली सहा वर्षं. चोरून वगैरे काही नाही. दरवर्षी मला सांगून. दरवर्षी पाचवी खाट घालून देतात, तुम्हीही चला, असंही म्हणून. फ्रीजवर चिकटवलेला तो तळ्याचा फोटो, ज्यात एक बाई पाण्यात पाय सोडून बसलीय, तो हिचाच आहे. मला वाटायचं लोहचुंबकाबरोबर आलेला असेल.

मी म्हटलं, मग हे मला नीट बसवून का नाही सांगितलंस? ही हसली. रागावून नाही, हेच जरा विचित्र वाटलं. म्हणाली, "दरवर्षी सांगत होते. दरवर्षी तुमचं ऑडिट असायचं."

ऑडिट जूनमध्ये नसतं. पण ते तिला कुठे माहीत असणार?

१४ ऑगस्ट
तिला माहीत आहे. सकाळी म्हणाली.

२ सप्टेंबर
चारातले तीन आठवडे विकून टाकावेत असा एक विचार तपासून पाहिला. कंपनी परत घेत नाही. एका दलालाशी बोललो. तो म्हणाला, विकायचे असतील तर वर तुम्हालाच काहीतरी द्यावं लागेल. फोन आपटला. परचेसमधल्या माणसाला माल घेऊन जाण्याचे पैसे मागतो! विचार रद्द. ठेवणारच. चारही.

ठरलंय असं: मी पूर्ण महिना राहीन. ही शेवटच्या शनिवारी-रविवारी येईल, जमलं तर. 'जमलं तर' हे तिचं. मी खोडून टाकलंय.

३ नोव्हेंबर
पोहोचलो. उत्तम युनिट. दोन बेडरूम, बैठकीत उघडणारा सोफा, आठ ताटं, आठ ग्लास, आठ काटे. साडूच्या चार खाटा कुठे आणि हे कुठे! धुकं आहे. तळं त्याच्यामागे असावं.

संकल्प: रोज पोहणे. वाचन. ऑफिसला फोन न करणे.

४ नोव्हेंबर
पोहण्याच्या तलावात पाणी नाही. साफसफाई चालू आहे. ऑफिसला फोन केला, असिस्टंटला धीर द्यायला. ठीक चाललंय म्हणाली. बिचारी लपवतेय.

५ नोव्हेंबर
या बेडरूममधून उठून त्या बेडरूममध्ये झोपून पाहिलं. दोन्हीकडे सारखंच.

१० नोव्हेंबर
ऑफिसचा फोन नाही. इथे रेंज कमी आहे. तपासली. पूर्ण आहे.

१४ नोव्हेंबर
अखेर फोन आला. साहेब. खुशीत होते. लिफ्टवाल्याचं ते अडलेलं कंत्राट असिस्टंटने मार्गी लावलं म्हणे, आपण वर्षानुवर्षं भांडत होतो त्याहून बऱ्या अटींवर. कसं, विचारलं. तर म्हणे चहा पाजला आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

हे सगळं माझ्या टिपणीच्या तिसऱ्या पानामुळे शक्य झालं. साहेबांना तसं म्हटलं. कसली टिपणी, असं त्यांनी विचारलं.

२० नोव्हेंबर
जेवणघरात वेटर रोज दोन ताटं मांडतो. मी एक उचलून देतो. दोघांत हा एवढाच व्यवहार. शिकवूनही सुधारत नाहीत काही लोक.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आज ही यायची होती. सकाळी केस कापून आलो. दुपारी फोन. एक आजोबा, कंबरेचं ऑपरेशन झालेले, उद्या पहिल्यांदा जिना चढणार आहेत आणि त्यांना हीच सोबत हवीय. मी म्हटलं, जिना काय, परवाही चढता येईल. मग तिने विचारलं, तुम्हाला करमतंय ना तिथे? मी म्हटलं, एकदम झकास.

तिचं 'बरं' म्हणणं जरा लवकर आलं.

३० नोव्हेंबर, रविवार
शेवटचा दिवस. आज पहिल्यांदा धुकं उठलं. तळं खरंच आहे. खासं आहे. काठावर एक म्हातारं जोडपं फोटो काढायच्या खटपटीत होतं. आजींचा फोटो आला की आजोबा नाहीत, आजोबा आले की आजी नाहीत. मी जाऊन दोघांचा काढून दिला. चांगला आला. आजोबांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि आजी तो झटकायला बघत होत्या, नेमका तो क्षण.

मग म्हातारबुवा म्हणाले, आता तुमचा काढू, द्या तुमचा फोन. मी म्हटलं, राहू द्या, मिसेस येतेच आहे, मग दोघांचा काढू.

का म्हटलं कोण जाणे. चांगलं वाक्य होतं. तिथेच संपायला हवं होतं.

पण आजी म्हणाल्या, "मग थांबतो की आम्ही. आम्हाला तरी कुठे जायचंय?"

मी तिला घेऊन येतो असं सांगून वर आलो. हे गॅलरीत बसून लिहितोय. दोघं खाली बाकावर बसलेत. आजींनी पिशवीतून संत्रं काढून सोललंय. मधूनमधून आजोबा वर बघतात आणि हात हलवतात. मीही हलवतो.

बाकाची एक बाजू त्यांनी मोकळी ठेवलीय. दोघांपुरती.

युनिट रिकामं करायची वेळ होत आली. बॅग दाराशी आहे. बाहेर जायला वाट एकच, त्या बाकासमोरून. ते उठले की निघेन.