जुन्या डिस्कमधले धवले

३ नोव्हें., सोम.
लॅपटॉप सुरू केला. चहा टाकला, उकळला, गाळला, प्यायलो, कप विसळला. पडद्यावर ते गोल अजून फिरतंय. महापूर, प्लेग यांची इतिहासाने नोंद घेतली; माझी कोण घेणार? म्हणून ही वही.
सु. म्हणाली, नवी डिस्क घाल, नाहीतर मी नवा नवरा बघते. डिस्क स्वस्त पडेल असं ठरलं.

५ नोव्हें.
कामोठ्याला, शेखभाईंचं दुकान. प्रश्न: जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन काढायचा, की नवीवर विंडोज कोरं टाकायचं? मी क्लोनवाला. सु. कोरंवाली. म्हणे, पनवेल गावातून फ्लॅटवर आलो तेव्हा याने कपाट झुरळांसकट टेम्पोत चढवलं होतं. पुराव्यानिशी बोलणारी बायको. पूर्वजन्मीचं असतं काही.
शेखभाईंनी दोघांचं ऐकलं आणि तिचं केलं. कामाच्या फायली नवीवर, बाकी कचरा जुनीवरच.

६ नोव्हें.
आता डोळा मिटून उघडेपर्यंत सुरू होतं. चहाला निमित्त उरलं नाही.
संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा दत्ता पाटील. मुलीची हळद पुढच्या आठवड्यात. त्याची आय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात. पण आजारपणानंतर मधल्या ओळी निसटतात. ही गाणी, म्हणजे धवले, मी तिच्याकडून ऐकून टाइप केले होते, त्याला वर्षं झाली. ते छापून हवेत, आयची सून शेजारी बसून ओळ सुचवेल. आयचा हट्ट: नातीची हळद मीच गाणार. म्हटलं, उद्या देतो.
फाईल उघडली. पहिली ओळ: इंग्रजी के, डॉलर, कंस, परत डॉलर.
तेव्हा मराठीसाठी विकतचं सॉफ्टवेअर होतं, फॉन्ट त्याचेच. फॉन्ट फायलींसोबत नसतात, विंडोजच्या पोटात असतात. पोट कचऱ्यात. सॉफ्टवेअरची सीडी सु.ने टेम्पोत चढू न दिलेल्या वस्तूंत.

७ नोव्हें.
जुनी डिस्क कुठंय? सु. शांतपणे: भंगारच्या पिशवीत, दाराबाहेर. पिशवी होती. भंगारवाल्याच्या आळसाला दीर्घायुष्य लाभो.
शेखभाईंनी कान लावून ऐकलं. टक, टक. "आधी फक्त फॉन्ट काढतो. पूर्ण क्लोन करायला गेलो तर मध्येच बसेल, नाहीतर निभावून नेईल. बाकी अल्ला मालिक."
फॉन्ट निघाले. डॉलरची हळद झाली. क्लोनचं काय, तुम्ही ठरवा म्हणाले.

९ नोव्हें.
छापलेले धवले घेऊन वर गेलो. सून वाचत होती, आय डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या धवल्याला हात वर.
"ह्यो चुकलाय."
म्हटलं, तुम्हीच सांगितलेला.
"मंग तवा मीच चुकली. हलद आदी देवाला, मंग नवरीला. तुमी लेखक ना, तुमाला तरी कलाय पायजे व्हतं."
बरोबर. कळायला हवं होतं.
घरी येऊन फाईल दुरुस्त करायला बसलो. फॉन्ट आलाय, पण त्यात टाइप करायचा कीबोर्ड त्या सॉफ्टवेअरमध्येच राहिला. वाचता येतं, लिहिता येत नाही. शेवटी पेन.

१२ नोव्हें.
शेखभाईंचा फोन. क्लोनचं? उद्या सांगतो म्हटलं. डिस्क खणात आहे, भंगारवाला भेटू नये म्हणून कुलूप. सु. हसली, पण किल्ली तिनेच लपवली.
श्रावण संपल्यावर आयने सुक्या जवळ्याचा डबा दिला होता. रिकामा डबा परत करू नये, दोन्ही घरांत हेच मानतात. म्हणून तो आमच्या फडताळात मुक्कामी. आज सु.च्या नारळाच्या वड्या त्यात. वर, प्लास्टिकमध्ये, पेनाने दुरुस्त केलेला तिसरा धवला.
बेल मारणार होतो. आत सराव चाललेला, सुनेचा आवाज, तोच धवला. देवाची हळद झाली, नवरीपाशी अडली. 
पुढची ओळ कोण उचलतंय, ते बघायला थांबलो नाही. डबा कडीला अडकवला आणि जिना उतरलो.