पोराच्या खोलीकडची जाळी

प्रिय ग्रेडी,

बाबा ठीक आहेत. आधी एवढं वाच, श्वास घे, आणि मग पुढचं वाच. तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, कारण फोनवर तू एक बोललास की मी दोन बोलते आणि सांगायचं ते तसंच राहतं. मी रागावलेली नाही. त्या दिवशी बोलता बोलता फोन आपटला तो रागानं नाही. का आपटला, ते सांगायलाच बसले आहे, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे.

मार्चमध्ये बाबा मागच्या कालव्यात पायजम्यावर, गुडघाभर पाण्यात उभे सापडले. समोरच्या काठावर मगर ऊन खात पडली होती. तू अटलांटाहून गाडी हाणत आलास आणि नाश्त्याच्या टेबलावर त्या आश्रमाचं माहितीपत्रक ठेवलंस. विसराळू म्हाताऱ्यांसाठी खास, तुझ्या घरापासून जवळ. मी ते तुझ्या देखत फाडलं. माझा नवरा माझ्या घरात राहील, म्हणाले. मग आपलं ठरलं की पोहायच्या हौदाभोवती घराला लागून जाळीचा पिंजरा बांधायचा आणि त्याच्या दाराला कुलूप घालायचं. बाबांना ऊन मिळेल, वारा मिळेल, पण पाय कालव्याकडे जाणार नाहीत. हौदाची भीती नव्हतीच. पाणी छातीएवढं, आणि पोहणं तेवढं ते विसरलेले नाहीत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत सगळं नीट राहिलं तर बाबा इथे, नाहीतर तुझ्याकडच्या आश्रमात. तसा शब्द तू माझ्याकडून घेतलास.

मला वाटलं, पिंजरा म्हणजे काय, चार खांब ठोकायचे आणि वर जाळी ताणायची! अरे, नाकी नऊ आले. आधी वसाहतीच्या कमिटीची परवानगी. शेजारची डोरीन आता कमिटीत आहे, तिनं पांढऱ्या रंगाला नाक मुरडलं. शेजारच्या सगळ्यांचे पिंजरे तपकिरी म्हणे, मग आपलाही तपकिरी. मग जमिनीचा नकाशा, वाऱ्याचा हिशेब मांडलेला इंजिनियरचा आराखडा, त्यावर काउंटी कचेरीचा परवाना. तो येईपर्यंत मी दाराशी खुर्ची टाकून बसत होते. न्हाणीघरात जाताना दरवाजा उघडा ठेवत होते. तू फोनवर विचारायचास, "अजून काम सुरू नाही?" उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाळा.

शेवटी ठेकेदार ओस्वाल्डो आला, त्याची माणसं घेऊन. माणूस गोड, हसरा, पण पहिल्याच दिवशी पायासाठी चर खणताना हिरवळीचा पाण्याचा पाइप फोडला, आणि माझी जास्वंद तुडवली ती वेगळीच. "सिन्योरा, हे तर होतंच," म्हणाला. मी म्हटलं, होतंच तर आधी सांगायचं होतंस की मेल्या! खरी धास्ती वेगळीच होती. कामासाठी मागचं जुनं कुंपण काढावं लागलं. म्हणजे ज्याला अडवायचं त्याच्यासाठीच सगळं रान मोकळं. काँक्रीट ओतलं, ते बघायला काउंटीचा माणूस यायचा होता, तो येता येईना, आणि तोवर पुढचं काम बंद. त्या दिवसांत मी बाबांच्या सदऱ्याला मांजराची घंटा शिवली होती. हसू नकोस. घंटा वाजेनाशी झाली की मी हातातलं टाकून धावायची.

खांब उभे राहिले तेव्हा बाबा रोज विचारायचे, "हे कुणी उभं करायला सांगितलं?" मी सांगायची, मी सांगितलं. ते एकेका खांबावर टिचकी मारत फिरायचे. एक दिवस ओस्वाल्डोला थांबवून म्हणाले, "वादळ आलं तर जाळी आधी कापा. वारा आरपार गेला पाहिजे, नाहीतर सांगाडाच उडतो." ओस्वाल्डो म्हणाला, "अगदी बरोबर, बॉस. नवे सांगाडे दणकट असतात, पण लोक अजून कापतातच." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तुझं नाव आठवायला ज्यांना वेळ लागतो त्यांना हे आठवतंय, म्हणजे आतला माणूस शाबूत आहे. मी तुला फोन करून मिरवलंसुद्धा.

चार्ली नावाचं ते चक्रीवादळ तुला कितपत आठवतं, कोण जाणे. शाळेत जाणारं पोर होतास. बाबा वीज कंपनीच्या ट्रकवर, तारा जोडायच्या कामावर हजर. त्यांनी कुठूनसा फोन करून मला सांगितलं होतं, "व्हर्ना, पोराला बाथटबमध्ये घाल आणि वर गादी ओढ." तेवढं सांगितलं आणि फोन तुटला. तेव्हाही आपल्या हौदावर असाच पिंजरा होता, पण जाळी कापायची असते हे आपल्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण दोघं गादीखाली होतो तेव्हा बाहेर पिंजरा मोडल्याचा आवाज आला. त्यातली एक तुळई खिडकी फोडून तुझ्या पलंगात घुसली, बरोबर उशीत. बाबा घरी आले, तुझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. उरलेला सांगाडा त्यांनी हातानं उपटून रस्त्यावर टाकला. त्यानंतर या घरात पिंजऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

आता तो दिवस. सकाळी काउंटीचा माणूस शेवटची तपासणी करून गेला. दार आपोआप मिटतंय, खांबांचे बोल्ट पक्के, सही झाली. कुलपाची किल्ली मी गळ्यात घातली. बाबा आत हौदाच्या कडेला आरामखुर्चीत, पायाशी गार चहा. कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तुला फोन लावला. काय काय सुनावलं तुला! झालं की नाही माझ्या म्हणण्यासारखं, आता तो आश्रम तुझ्यासाठीच राखून ठेव, असलं सगळं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. आपल्याकडे दुपारचं येतंच. तेवढ्यात मला टर्रकन आवाज आला. मग पुन्हा. मी मान वळवली आणि फोन आपटला.

तुझ्या खोलीच्या खिडकीसमोरच्या जाळीच्या पट्ट्या पार कापलेल्या होत्या. हाताला येईल तेवढी सगळी जाळी कापून बाबा कडेकडेनं पुढे सरकत गेले होते. घरातल्या सुऱ्या, कात्र्या, करवती मी कधीच कुलपात घातल्या होत्या, पण त्यांचा तारा सोलायचा बाकदार चाकू मासेमारीच्या डब्यात होता आणि तो डबा मला सुचलाच नाही. मी धावले. सगळ्या बाजूंनी भगदाडं पडलेली आणि मी मूर्खासारखी दाराच्या कुलपाशी किल्ली लावत झटत होते. बाबा केव्हाच भगदाडातून बाहेर पडून उरलेली जाळी बाहेरून कापायला लागले होते. पाऊस कोसळत होता, विजा कडकडत होत्या, हातात पातं, पायाखाली कालव्याचा निसरडा उतार. काठावरची मगर धप्पकन पाण्यात सरकली, ती मी डोळ्यांनी पाहिली. मी ओरडले, "हॉलिस, इकडे ये!" तर माझ्यावरच खेकसले, "तू बाहेर काय करतेस? आत जा! पोरगं आत झोपलंय. त्याला टबात घाल, वर गादी ओढ. मी बघतो इथलं."

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघं चिखलात बसलो. पाऊस थांबेपर्यंत तसेच. चाकू त्यांनी दिला नाही. मीही ओढला नाही. ग्रेडी, इतकी वर्षं मला वाटत होतं की ते विसरले. विसरले नाहीत रे. चार्लीच्या दिवशी ते घरी नव्हते, आणि आता आभाळ भरलं की दरवेळी घरी आहेत.

ओस्वाल्डो येऊन बघून गेला. नवी जाळी लावून देतो म्हणाला, आणि डोळे पुसत गाडीत बसला. मी म्हटलं, राहू दे. जाळी लावली तर ते परत कापतील, आणि पुढच्या खेपेला माझी मिठी पोचेलच असं नाही. मी दमले आहे. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

तुझ्याजवळच्या त्या आश्रमात अजून जागा असेल तर हो सांग. शब्द दिला होता म्हणून नाही, मी विचार करून सांगते आहे. पण गाडी पाठवू नकोस, माणूस पाठवू नकोस, तू स्वतः ये. रोज दुपारी ढग आले की ते तुझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि मला हळूच म्हणतात, "आवाज करू नकोस, उठेल." मी किती वेळा सांगितलं की वादळ गेलं, पोरगं सुखरूप आहे, मोठं झालं. माझ्यावर विश्वास बसत नाही. तू त्या खोलीतून बाहेर ये आणि त्यांना दिस. मग ते तुझ्याबरोबर कुठेही येतील.

वाट बघते.

तुझीच,
आई