उसवलेला फ्रॉक

प्रिय ताई,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू "बोल रे बारक्या" म्हणालीस की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. म्हणून लिहितोय. नाटकांचे कपडे शिवता शिवता हल्ली मी जे शिवायला लागलोय त्याला लोक कला म्हणतात. कपडे अंगात घालता येतात, पण त्यांतून सांगायची असते ती माणसाला आपल्याच अंगाची वाटणारी लाज. त्यांच्यासोबत तुझा एक जुना फ्रॉकही सध्या प्रदर्शनात आहे. फिकट हिरवा, बगलेपासून कमरेपर्यंत उसवलेला. तू ओळखशीलच.

मावशीच्या लग्नाच्या सकाळी आईनं तो, आठवड्यापूर्वीच तुझ्या मापानं शिवून आणलेला, कपाटातून काढला आणि उसवलेली शिवण पाहून तुझ्याकडे पाहिलं. तू तेरा वर्षांची, मी अकराचा. "आठ दिवसांत यात मावेनाशी झालीस?" आई म्हणाली. "मी घातलाच नाही," तू म्हणालीस. त्यावर काकू म्हणाली, "मग काय उंदरानं घातला?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी आईचा ढगळ कुर्ता घालून, वर शाल पांघरून तू फोटोत सगळ्यात मागे उभी राहिलीस. नंतर तुझ्या ताटातला घास कमी झाला आणि माझ्या ताटात पडायला लागला, कारण मुलाचं वाढीचं वय. तू पोहायला जाणं सोडलंस, चारचौघांत जेवणं सोडलंस. मी ते सगळं पाहत होतो आणि जेवत होतो.

फ्रॉकच्या अस्तरावर मी तेव्हाची वाक्यं दोऱ्यानं भरली आहेत. पोट आत घे. झाकून घे. घास मोजून खा, उद्या कोण करून घेईल तुला. शेजारच्या पाटीवर एवढंच होतं, 'माझ्या बहिणीसाठी'. बायका वाचून डोळे टिपायच्या. एकीनं माझा हात धरून म्हटलं, "असा भाऊ सगळ्यांना मिळो." मी मान लववून आभार मानले. खरं तर तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, ताई. बरं वाटलं.

मग परवा तुझी लेक आली. बराच वेळ फ्रॉकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आई आधी म्हणायची, मी तो घातलाच नव्हता. हल्ली म्हणते, घातला असेन आणि विसरले असेन." ती सहज बोलून गेली. मला तिच्याकडे बघवेना. सामान आणायचं निमित्त काढून मी मागच्या खोलीत जाऊन बसलो.

तो फ्रॉक मी घातला होता. लग्नाच्या चार दिवस आधी, तुम्ही सगळे खरेदीला गेला होता तेव्हा, दाराला कडी लावून. आरशासमोर एक गिरकी घ्यायची होती, बाकी काही नाही. काढताना हात वर केले आणि शिवण टर्रकन गेली. घडी घालून मी तो होता तिथे ठेवून दिला. एकदा आईची ओढणी गळ्यात घेतली म्हणून बाबा आठवडाभर मला 'बाईसाहेब' म्हणून हाक मारत होते, आठवतं? पाहुण्यांनी भरलेल्या घरात ती हाक मला नको होती. तेवढ्यासाठी मी तुला जाडी ठरू दिलं. वर इतक्या वर्षांनी तुझ्याच लाजेवर कौतुक करून घेतलं.

काल ती पाटी काढली. नव्या पाटीवर लिहिलंय, 'हा माझ्या अंगावर उसवला. बोलणी बहिणीनं खाल्ली.' तसाच फ्रॉक माझ्या मापाचा शिवलाय आणि रविवारी तो घालून, ढेरीसकट, मीच तिथे उभा राहणार आहे. आता बाबाही नाहीत, तरी माप घेताना मी दाराला कडी लावली. रविवारी तू येणार आहेस असं लेकीनं कळवलं. हे तू परक्या माणसांच्या घोळक्यात भिंतीवर वाचावंस असं मला नको होतं, म्हणून हे पत्र. आली नाहीस, किंवा आलीस आणि बोलली नाहीस, तरी मला तक्रार करायला तोंड नाही. माफीसुद्धा मागत नाही, ती मागणं म्हणजे पुन्हा तुझ्याच ताटातलं उचलणं. फक्त एवढं पक्कं धर. तू तो घातला नव्हतास. तुला अगदी बरोबर आठवत होतं.

तुझाच,
बारक्या