लेथवरच्या बाई

प्रिय तनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, पुण्याचं इंजिनिअरिंग सोडून तू हा डिप्लोमा का घेतलास?" मी नेहमीसारखं "फी परवडत होती" म्हणाले आणि विषय बदलला. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते. आईला मात्र वाचून दाखवू नकोस.

नऊ वर्षांपूर्वी तू शाळेत होतीस. आप्पा फर्दापूरहून अजिंठ्याच्या पर्यटकांना जीपमधून फिरवायचे. पुण्याच्या खासगी कॉलेजात माझा नंबर लागला, पण तिथली फी भरायची तर जीप विकावी लागणार होती. आप्पांनी गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "पोरगी शिकली तर जीपा लई येतील," म्हणायचे. हाताशी असावा म्हणून मी संभाजीनगरच्या एमआयडीसीतल्या एका संस्थेत टूल अँड डाय मेकिंगला, म्हणजे कारखान्यांचे साचे बनवायच्या डिप्लोमाला, प्रवेश घेऊन ठेवला होता. फी थोडी, वसतिगृह स्वस्त. तो रद्द करून मूळ कागद परत आणायला आम्ही दोघं गेलो.

दुपारचा दीड वाजला होता. ऑफिसातले लोक जेवायला गेलेले. आप्पा जीपमध्येच डोळे मिटून बसले. मला मागच्या वर्कशॉपमधून मशीनचा आवाज आला, म्हणून मी आत डोकावले. मशीनच्या रांगा होत्या आणि माणूस एकच. निळा एप्रन घातलेल्या, केस पिकलेल्या एक बाई शेवटच्या लेथवर धातूचा दांडा कातत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कागद न्यायला आलीस ना? जरा इकडं ये." मी कुणाला काही बोललेच नव्हते. जवळ गेले तर कापलेल्या धातूचा तापलेला तुकडा उडून माझ्या मनगटाला चिकटला. बाईंनी तो बोटांनी उचलला, जसा पोळीवरचा केस काढावा. मशीन थांबवून त्यांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर माझ्या हातात दिला, कसा वाचायचा ते दाखवलं आणि विचारलं, "किती?" मी म्हणाले, "वीस पूर्णांक शून्य दोन." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "हात शांत आहे तुझा. राहा इथं."

तनू, माझा हात शांत आहे हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर येऊन मी आप्पांना म्हणाले, कागद राहू द्या. आप्पांनी जीप सुरू केली.

वर्ग सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी वर्कशॉप शिकवणाऱ्या गोकुळ सरांना मी त्या बाईंबद्दल विचारलं. ते हसून म्हणाले, या संस्थेत बाई शिक्षिका कधीच नव्हती. मग मी शेवटच्या लेथकडं बोट दाखवलं. त्या लेथची मोटर चार महिन्यांपूर्वीच दुरुस्तीला काढून नेली होती. काम पकडणाऱ्या चकवर कोळ्यांची हातभर जाळी होती. माझ्या मनगटावरचा फोड मात्र अजून ओला होता. मी चहा सांडला म्हणून तुम्हाला सांगितलं, तोच तो डाग. वर्कशॉप झाडणाऱ्या कडूबाई तिथंच उभ्या होत्या. सर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुला बी दिसल्या व्हय?" आणि झाडत पुढं निघून गेल्या. पुन्हा कितीदा विचारलं, पण त्या बोलल्या नाहीत.

बाई मला परत दिसल्या नाहीत. पण कधी एकटी काम करत असले आणि माप चुकायला आलं की मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवायचा. मी थांबायचे, पुन्हा मोजायचे. शेवटच्या वर्षी वाळूजच्या कंपनीनं कॅम्पसमधूनच उचललं. आठ-आठ तास उभं राहून पाय भरून येतात, "मुलगी मशीनवर काम करते?" म्हणून दोन स्थळं परत गेली, तेही तुला माहीत असावं. पण आज मी बनवलेल्या डायमधून गाड्यांचे भाग निघतात आणि नोकरी सांभाळून माझी डिग्रीही पूर्ण झाली.

हे सगळं आज का लिहिते? त्याच संस्थेनं मला शिकवायला बोलावलंय. दोनदा मी नाही म्हणाले. कारण विचारलं तेव्हा पगाराचं सांगितलं. खरं कारण भीती, त्या बाई पुन्हा समोर येतील याची. पण परवा तू तो प्रश्न विचारलास आणि मला माझीच लाज वाटली. काल होकार कळवला. सोमवारी मी रुजू होते. आता तुलाही कुठं शिकायचं ते ठरवायचंय, पण माझ्या सांगण्यावरून तू इथं येऊ नकोस आणि माझ्या गोष्टीला घाबरून पुण्यालाही जाऊ नकोस. एक दिवस ये, वर्कशॉपमध्ये फिर, शिकून गेलेल्या मुलींशी बोल, मग ठरव. मला तिथली पहिली बाई शिक्षिका म्हणून हार घालणार आहेत. पहिली, निदान हजेरीपटावर तरी.

तुझीच,
दीपाताई