दोरा चाळीस

ठमाबाई,

परवा लाइव्हवर तू म्हणालीस, "हे अगदी त्या सिनेमातल्यासारखं चाललंय," आणि एकाला ब्लॉक केलंस. म्हणून मी तो सिनेमा पाहून आलो. त्यातली मुलगीही रोज मोबाइलसमोर बसून लोकांशी गप्पा मारते. रोज पहिला येणारा, कधीच न बोलणारा एक प्रेक्षक शेवटी तिच्या दारात उभा राहतो. थिएटर दचकलं. मी अंग चोरून बसलो. कारण शिलाई मशीनवरच्या दोऱ्याच्या रिळाचं नाव घेऊन तुझ्याकडे रोज पहिला येणारा 'दोरा चाळीस' मीच.

"असले तमाशे करायचे तर मला बाबा म्हणू नकोस," असं मीच तुला सुनावलं होतं. तू घर सोडलंस. मग स्वतःच्या नावाने यायला मला तोंड कुठे उरलं होतं?

दोन वर्षं चकार शब्द लिहिला नाही. पण परवा लाइव्हवर तू हात वर केलास आणि मी शिवलेला निळा ड्रेस काखेत उसवलेला दिसला. जन्मभर शिंपीकाम केलंय, राहवलं नाही. "उजवी काख उसवलीय," एवढंच लिहिलं. तू घाबरलीस. ब्लॉक केलंस ते बरोबरच केलंस.

आज शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या फोनवर तुला पाहिलं. काख शिवलेली होती. टाके बारीक, गाठ आतल्या बाजूला, मी शिकवली तशी.

पत्र टाकलं तर मीही दारात उभा राहिल्यासारखं होईल. म्हणून ते मापांच्या वहीत ठेवतोय, तुझ्या पानात.

सही काय करू, सुचत नाही.